कृष्णवर्णीयांचा इतिहास सांगणारे चित्रपट: सुरुवात कुठून करावी, सोबत काय ठेवावं

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास चित्रपटांतून समजून घ्यायचं ठरवलं, की बहुतेक जण आधी ऑस्कर मिळालेल्या चित्रपटांची यादी शोधतात आणि वरून खाली पाहायला लागतात. तिसऱ्या-चौथ्या चित्रपटापर्यंत फटके, साखळ्या, लिलाव पाहून मन सुन्न होतं आणि सगळं तिथेच थांबतं. काही जण गुलामगिरीच्या सुरुवातीपासून काळाच्या क्रमाने जाऊ म्हणतात. त्यांना कळतं की मधल्या दशकांवर चित्रपटच फारसे नाहीत.

आमच्या घरी जमणाऱ्या छोट्या गटाने हे चित्रपट पाहिले, पुन्हा पाहिले, त्यांवर भांडलो. त्यातून हाती लागलेला क्रम इथे देते आहे. एक प्रश्न मात्र शेवटपर्यंत सोडू नका: ही गोष्ट कोणाच्या नजरेतून सांगितली जाते आहे? हा प्रश्न जवळ असला की फसलेला चित्रपटही बरंच शिकवून जातो.

सोबत काय हवं

- एक वही. पहिलं पान कालरेषेसाठी मोकळं ठेवा.
- इंग्रजी सबटायटल्स. मराठी क्वचितच मिळतात. दक्षिणेकडच्या राज्यांतली बोली कानाला पटकन कळत नाही, त्यामुळे इंग्रजी उत्तम येत असलं तरी सबटायटल्स चालूच ठेवा.
- पळवून नेऊन गुलाम केलेल्या सॉलोमन नॉर्थप यांचं १८५३ चं आत्मकथन. ते प्रताधिकारमुक्त आहे, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत मिळतं.
- मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेलं पत्र.
- लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावरच्या मुलाखती. कधीकाळी गुलाम असलेल्या, तोवर म्हाताऱ्या झालेल्या माणसांनी १९३६ ते १९३८ या काळात सांगितलेल्या या आठवणी २,३०० हून अधिक आहेत.
- महात्मा फुल्यांचं 'गुलामगिरी'. का, ते पुढे सांगते.

कोणता चित्रपट कुठल्या ॲपवर आहे हे सतत बदलतं, म्हणून इथे ते देत नाही. जस्टवॉच या संकेतस्थळावर भारत निवडून नाव टाकलं की कळतं.

१. आधी एका पानाची कालरेषा लिहा

एवढ्या नोंदी पुरतात. १६१९: व्हर्जिनियात आफ्रिकी माणसं विक्रीसाठी उतरवली गेली. १८०८: गुलामांची आयात कायद्याने बंद, देशातली खरेदी-विक्री मात्र चालू. १८६१ ते १८६५: उत्तर आणि दक्षिणेतलं यादवी युद्ध. १८६३: लिंकन यांची मुक्तीची घोषणा. १८६५: गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती. १८६५ ते १८७७: पुनर्रचनेचा काळ, म्हणजे युद्धात हरलेल्या दक्षिणेची घडी नव्याने बसवण्याचा. १८९६: गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या 'वेगळे पण समान' या तत्त्वावर सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब. १९५४: शाळांमधलं वेगळेपण घटनाबाह्य. १९६४: नागरी हक्क कायदा. १९६५: मतदान हक्क कायदा. १९६८: मेम्फिसमध्ये किंग यांची हत्या.

आता याच पानावर १८७३ लिहा. त्या वर्षी जोतीरावांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना ते अर्पण केलं. तेव्हा तिकडे पुनर्रचनेचा काळ चालू होता. मुक्त झालेली माणसं मतदान करत होती, मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स १८७० मध्ये सिनेटवर गेले होते. चारच वर्षांनी संघराज्याच्या सैन्याने दक्षिणेतून हात काढून घेतला आणि मिळालेले हक्क एकेक करून हिसकावले गेले. जोतीरावांनी पाहिलेली अमेरिका आशेच्या ऐन भरातली होती. ही तारीख मनात ठेवून पुढचे चित्रपट पाहिले, तर जे गमावलं गेलं ते किती मोठं होतं हे मराठी वाचकाला पटकन कळेल.

२. पहिला चित्रपट: 'सेल्मा' (२०१४)

गुलामगिरीपासून सुरुवात करू नका. ॲव्हा डुव्हर्ने यांचा 'सेल्मा' आधी पाहा. मतदार यादी, मोर्चा, लाठीमार, वाटाघाटी, कायदा हा सगळा व्यवहार आपल्या ओळखीचा आहे.

सुरुवातीच्याच एका प्रसंगावर थांबा. ॲनी ली कूपर मतदार म्हणून नाव नोंदवायला येतात. कारकून त्यांना राज्यघटनेची प्रस्तावना म्हणायला लावतो. त्या म्हणतात. राज्यात काउंटी (म्हणजे जिल्हा) न्यायाधीश किती? ६७. मग तो म्हणतो, सगळ्यांची नावं सांगा. अर्जावर नकाराचा शिक्का बसतो. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत निरक्षर माणसालाही मत देता आलं. त्यानंतर दहा-बारा वर्षांनीही सेल्मा शहर ज्या काउंटीत आहे, तिथल्या मतदानयोग्य कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम दोन टक्क्यांची नावं यादीत होती. हे लक्षात घेऊन तो प्रसंग पुन्हा लावा.

पाहताना तीन गोष्टींची नोंद ठेवा.

पहिली, काळाची. चित्रपट किंग यांच्या नोबेल समारंभाने सुरू होतो आणि लगेच चर्चमधल्या स्फोटात चार मुली मरतात. प्रत्यक्षात स्फोट सप्टेंबर १९६३ चा आणि नोबेल डिसेंबर १९६४ चं. जोडकाम मुद्दाम केलेलं आहे: एकीकडे सन्मान, दुसरीकडे ज्यांच्यासाठी तो मिळाला त्यांची अवस्था.

दुसरी, भाषणांची. किंग यांच्या भाषणांचे चित्रपटहक्क आधीच दुसऱ्या निर्मात्यांकडे गेले होते, म्हणून डुव्हर्ने यांनी ती त्यांच्या लयीत नव्याने लिहिली. तेव्हा चित्रपटातली वाक्यं किंग यांची म्हणून कुठेही उद्धृत करू नका. २५ मार्च १९६५ चं माँटगोमेरीतलं खरं भाषण स्वतंत्र ऐका.

तिसरी, जॉन्सन यांची. राष्ट्राध्यक्षांना चित्रपटाने कायद्याच्या वाटेतला अडथळा केलं, अशी तक्रार त्यांच्या एका जवळच्या माजी सहकाऱ्याने केली. मला वाटतं तक्रारीत तथ्य आहे. पण इतकी वर्षं या चळवळीची गोष्ट पांढऱ्या नेत्यांच्या खोलीतून सांगितली गेली. इथे ती रस्त्यावर उतरलेल्यांच्या बाजूने सांगितली जाते आहे, हेही त्याच वहीत लिहा.

तीन मोर्चे वेगळे ओळखा. ७ मार्चला एडमंड पेटस पुलावर लाठ्या आणि अश्रुधूर. ९ मार्चला किंग पुलावरून मोर्चा परत फिरवतात. २१ ते २५ मार्चला सैन्याच्या संरक्षणात माँटगोमेरीपर्यंत सुमारे ८७ किलोमीटर चाल. मतदान हक्क कायद्यावर ६ ऑगस्टला सही झाली. त्या कायद्याचं एक महत्त्वाचं कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, म्हणजे हा चित्रपट येण्याच्या आदल्याच वर्षी, निकामी केलं. चित्रपटातली अस्वस्थता फक्त १९६५ ची नाही.

३. आता मागे जा: गुलामगिरी

'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' (२०१३). दिग्दर्शक स्टीव्ह मॅक्वीन. नॉर्थप हे न्यूयॉर्क राज्यातले स्वतंत्र नागरिक, व्हायोलिनवादक, मुलाबाळांचे धनी. १८४१ मध्ये त्यांना वॉशिंग्टनमध्ये पळवून लुईझियानात विकलं गेलं. जानेवारी १८५३ मध्ये सुटका झाली. विकणाऱ्यावर खटला भरला, पण कृष्णवर्णीय माणसाची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नव्हती, म्हणून तो सुटला.

यातला फासाचा प्रसंग सोडून देऊ नका, पुढेही सरकवू नका. नॉर्थप गळ्यात दोर घेऊन पायाच्या बोटांवर उभे आहेत आणि कॅमेरा हलत नाही. मागे मुलं खेळतायत, बायका कामाला लागल्यात. कोणी जवळ येत नाही, कारण जवळ येणाऱ्याचंही तेच होईल. गुलामगिरी म्हणजे फक्त मालकाचा चाबूक अशी कल्पना असेल तर ती या एका दृश्याने बदलते. ती रोजच्या जगण्याची शिस्त होती. चित्रपट संपला की आत्मकथनातलं तेच प्रकरण वाचा.

'ॲमिस्टाड' (१९९७) मध्ये १८३९ चं जहाजावरचं बंड आहे आणि १८४१ चा न्यायालयीन विजय आहे. यातली बंडखोरांची मेंडे ही आफ्रिकी भाषा ऐकण्यासारखी आहे. मॉर्गन फ्रीमन यांनी साकारलेला कार्यकर्ता काल्पनिक आहे, त्याला इतिहासात शोधू नका.

'ग्लोरी' (१९८९) यादवी युद्धातल्या ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचा आहे. चित्रपटात बरेचसे सैनिक पळून आलेले गुलाम दाखवलेत. खऱ्या पलटणीत उत्तरेकडचे स्वतंत्र नागरिक जास्त होते, त्यांत गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांची दोन मुलंही होती. पगाराचा प्रसंग मात्र पायावर उभा आहे: गोऱ्या सैनिकाला १३ डॉलर, यांना १० आणि त्यातूनही ३ कपड्यांचे वजा. पलटणीने तो पगार घ्यायचं नाकारलं. १८ जुलै १८६३ ला फोर्ट वॅग्नरवर हल्ला झाला तेव्हाही ही माणसं बिनपगारी लढत होती.

४. गोष्ट कोणाच्या नजरेतून आहे ते तपासा

इथे सगळ्यात मोठा सापळा आहे. चित्रपट कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायाचा असतो, पण बदलतो, शहाणा होतो आणि टाळ्या घेतो तो गोरा नायक. आपण डोळे पुसत उठतो आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यापैकी एकाचंही नाव आठवत नाही.

'मिसिसिपी बर्निंग' (१९८८) घ्या. जून १९६४ मध्ये जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तीन कार्यकर्त्यांचा खून झाला, तो प्रसंग खरा. पण चित्रपटाचे नायक एफबीआयचे दोन गोरे अधिकारी. जी एफबीआय त्याच वर्षी किंग यांच्यावर पाळत ठेवत होती, निनावी पत्र पाठवून धमकावत होती, ती इथे तारणहार होते. दक्षिण आफ्रिकेवरच्या 'क्राय फ्रीडम' (१९८७) मध्ये स्टीव्ह बिको मध्येच निघून जातात आणि उरलेला चित्रपट त्यांच्या गोऱ्या पत्रकार मित्राच्या पलायनाचा होतो. 'द हेल्प' (२०११) मध्ये भूमिका करणाऱ्या व्हायोला डेव्हिस यांनीच नंतर याची खंत बोलून दाखवली.

सोपी चाचणी अशी: शेवटचं दृश्य कोणाच्या चेहऱ्यावर संपतं? कृष्णवर्णीय पात्रं एकमेकांशी बोलतात का, की फक्त गोऱ्यांशी? त्यांचं घर दिसतं का? नियोजन करताना, चिडताना, हसताना ती दिसतात का? हे चार प्रश्न वहीच्या दुसऱ्या पानावर कायमचे लिहून ठेवा.

'हिडन फिगर्स' (२०१६) या चाचणीतून बरा सुटतो, आणि मुलांसोबत पाहायला यापेक्षा चांगला चित्रपट मला माहीत नाही. पण एक जागा पाहा. गोरा साहेब स्वच्छतागृहाची 'कलर्ड' पाटी सगळ्यांसमोर फोडून काढतो. असं घडलेलं नाही. ते साहेबही अनेक व्यक्ती मिळून बनवलेलं पात्र आहे. खरी गोष्ट १९४० च्या दशकातली: पुढे नासाकडे गेलेल्या लँगली संशोधन केंद्राच्या भोजनगृहात कृष्णवर्णीय गणितज्ञ स्त्रियांच्या टेबलावर तशी पाटी असे. मिरियम मॅन नावाच्या त्यांच्यातल्याच एक बाई ती उचलून पर्समध्ये टाकत. नवी पाटी येई. त्या तीही उचलत. शेवटी पाटी यायची बंद झाली. चित्रपटात हे असतं तर!

५. चित्रपट कुठल्या वर्षी बनला, ते आधी बघा

दोन मूकपट एकामागोमाग पाहा. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' १९१५ मध्ये आला. पुनर्रचनेच्या काळातले कृष्णवर्णीय मतदार आणि आमदार त्याने रानटी दाखवले आणि कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या संघटनेला देशाचं रक्षण करणारी वीरसेना केलं. तो व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला. त्याच वर्षी जॉर्जियात क्लॅनची पुन्हा स्थापना झाली. जोतीरावांनी ज्या काळाकडे आशेने पाहिलं, त्याच काळाबद्दल पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हे खोटं खरं मानलं.

त्याला पडद्यावरूनच उत्तर देणाऱ्यांत ऑस्कर मिशो होते. त्यांचा 'विदिन अवर गेट्स' (१९२०) हा कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा चित्रपट. अमेरिकेत त्याची प्रत नाहीशी झाली होती, १९७० च्या दशकात स्पेनमध्ये सापडली. लिंचिंग करणारा जमाव मिशो यांनी दाखवला, आणि त्या जमावात बायका आणि मुलंही दाखवली. तो प्रताधिकारमुक्त आहे, यूट्यूबवर सहज मिळतो. ग्रिफिथचा चित्रपट पूर्ण तीन तास पाहण्याची गरज नाही, उत्तरार्धातला अर्धा तास पुरे. मिशोंचा मात्र अख्खा पाहा.

६. माल्कम आणि हॅम्प्टन

किंग यांच्यापाशी थांबलात तर चित्र अर्धंच राहील. याच नावाच्या कृष्णवर्णीय नेत्यावरचा, स्पाइक ली यांचा 'माल्कम एक्स' (१९९२) तीन तासांहून मोठा आहे. माल्कम तुरुंगातून बाहेर पडतो तिथे थांबवा आणि उरलेला दुसऱ्या दिवशी पाहा. पैसे संपल्यावर ली यांनी ओप्रा विन्फ्री, मायकेल जॉर्डन अशा कृष्णवर्णीय मान्यवरांकडून निधी मिळवून तो पुरा केला. एक नोंद: माल्कमच्या २१ फेब्रुवारी १९६५ च्या हत्येबद्दल शिक्षा झालेल्या तिघांपैकी दोघांना नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने दोषमुक्त केलं. चित्रपट त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

'जुडास अँड द ब्लॅक मसाया' (२०२१) शिकागोतल्या फ्रेड हॅम्प्टन यांचा आहे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचा हा तरुण नेता ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांच्या धाडीत बिछान्यातच मारला गेला. घराचा नकाशा एफबीआयला दिला तो त्यांच्याच गटातल्या खबऱ्याने. इथे सापळा वयाचा आहे. पडद्यावर हॅम्प्टन तिशीतले दिसतात, प्रत्यक्षात ते २१ वर्षांचे होते. मुलांसाठी मोफत न्याहारी चालवणारा, गरीब गोऱ्यांना आणि पोर्तो रिकन तरुणांना एकत्र आणणारा एकवीस वर्षांचा मुलगा: हे मनात ठेवून पाहा.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती या पँथरांचं नाव घेऊनच. त्याच्याही आधी, १९४६ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागितली होती. पत्र आणि डु बॉइस यांचं उत्तर मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात ऑनलाइन आहे. दोन्ही मिळून पाच मिनिटांत वाचून होतात. हा चित्रपट पाहण्याआधी वाचा.

७. प्रत्येक जड चित्रपटानंतर एक जगण्याचा चित्रपट

हा नियम आमच्या गटात सर्वांत उपयोगी पडला. लागोपाठ यातना पाहिल्या की माणसं फक्त बळी म्हणून दिसायला लागतात, आणि तोही एक अन्यायच आहे. ज्युली डॅश यांचा 'डॉटर्स ऑफ द डस्ट' (१९९१) १९०२ मधल्या, अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यालगतच्या बेटांवर राहणाऱ्या गुल्ला (आफ्रिकी वळण जपलेल्या कृष्णवर्णीय समाजातल्या) कुटुंबाचा आहे: आजी, नाती, जेवण, भांडणं, उत्तरेला जावं की राहावं हा प्रश्न. कथानक शोधत बसू नका, त्या बायकांसोबत बसा. 'समर ऑफ सोल' (२०२१) हा १९६९ च्या हार्लेममधल्या संगीत महोत्सवाचा माहितीपट. त्याचं चित्रीकरण जवळपास पन्नास वर्षं पडून होतं.

'टिल' (२०२२) जड आहे, पण दिग्दर्शिका चिनोन्ये चुक्वू यांनी गोऱ्यांनी ठार मारलेल्या १४ वर्षांच्या एमेट टिलवरचा अत्याचार दाखवायचा नाही असं ठरवलं. त्या आईवर, मेमी यांच्यावर, थांबतात. मुलाची शवपेटी उघडी ठेवण्याचा तिचा निर्णय हाच चित्रपटाचा कणा आहे.

८. अमेरिकेबाहेर

स्टीव्ह मॅक्वीन यांची 'स्मॉल ॲक्स' (२०२०) ही पाच चित्रपटांची मालिका लंडनमधल्या कॅरिबियन वस्तीची आहे. 'मँग्रोव्ह'पासून सुरू करा. नॉटिंग हिलमधल्या एका उपाहारगृहावर पोलीस पुन्हा पुन्हा धाडी घालतात, १९७० मध्ये त्याविरुद्ध मोर्चा निघतो, नऊ जणांवर खटला भरतो. त्यांतले काही जण स्वतःच स्वतःची बाजू मांडतात. दंगल भडकवल्याच्या मुख्य आरोपातून सगळे सुटले. लंडनमधल्या मराठी वाचकांनो, ते उपाहारगृह ऑल सेंट्स रोडवर होतं, चालत जाता येतं.

मग सेनेगलच्या उस्मान सेम्बेन आणि थिएर्नो फाती सोव यांचा 'कॅम्प द थियारॉय' (१९८८). फ्रान्ससाठी लढून, जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेले आफ्रिकी सैनिक थकलेला पगार मागतात आणि १ डिसेंबर १९४४ ला फ्रेंच सैन्यच त्यांच्यावर गोळ्या झाडतं. हे हत्याकांड होतं असं फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी २०२४ मध्ये मान्य केलं. चित्रपटाने ते ३६ वर्षं आधी सांगितलं होतं. मिळवायला कष्ट पडतील, पण पडू द्या.

९. गटात पाहणार असाल तर

'हिडन फिगर्स' दहा-बारा वर्षांच्या मुलांना चालतो. 'सेल्मा' आणि 'टिल' नववी-दहावीनंतर, मोठ्यांसोबत. 'ट्वेल्व्ह इयर्स', 'ग्लोरी', 'ॲमिस्टाड', 'जुडास' फक्त प्रौढांसाठी. अमेरिकेतही या चारांना 'आर' दर्जा आहे.

यांत कृष्णवर्णीयांना हिणवणारी एक शिवी वारंवार येते. चर्चेत ती कोणीही उच्चारायची नाही, हे सुरू होण्याआधीच ठरवा. आणि चित्रपट संपल्याबरोबर "आपल्याकडे काय वेगळं आहे" या वाक्याने चर्चा सुरू करू नका. आपल्याकडच्या जातीच्या प्रश्नावर बोलायलाच हवं, पण पहिला अर्धा तास पडद्यावरच्या माणसांना द्या, त्यांची नावं घेऊन बोला.

पहिल्या महिन्यासाठी आखणी अशी करा. पहिल्या आठवड्यात 'सेल्मा', आणि दुसऱ्या दिवशी किंग यांचं तुरुंगातलं पत्र. दुसऱ्यात 'हिडन फिगर्स'. तिसऱ्यात 'ट्वेल्व्ह इयर्स', त्यानंतर दोन दिवस मोकळे ठेवून 'समर ऑफ सोल'. चौथ्यात 'विदिन अवर गेट्स', जोडीला राऊल पेक यांचा लेखक जेम्स बाल्डविनवरचा माहितीपट 'आय ॲम नॉट युअर निग्रो' (२०१६). 'माल्कम एक्स' लांब सुट्टीसाठी राखून ठेवा.